पडद्यामागचा मुनीम

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या संग्रामपूर तालुक्यात कापूस, सोयाबीन आणि तूर यांचा हंगाम सुरू झाला की पेढ्यांवरील दिवे उशिरापर्यंत जळत राहतात. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून वडीलधारी मंडळी पुन्हा गादीवर येऊन बसतात आणि दिवसाचा मेळ घेतल्याखेरीज उठत नाहीत. पूर्वी हा मेळ मुनीम घालीत असे. रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज या तीन पायऱ्या चढून आकडे जुळले की वही कपाटात जाई आणि कपाटाची किल्ली मालकाच्या कमरेला लागे. आज मुनीमाच्या जागी संगणक आहे. कपाट मात्र दिसत नाही आणि किल्ली नेमकी कोणाकडे आहे हे पुष्कळदा कोणालाच ठाऊक नसते.

अशी एक पेढी कल्पावी. तिचे नाव सांगण्याची आवश्यकता नाही, कारण ती कोणाचीही असू शकेल. वडील साठीच्या पुढचे, हिशेबाच्या बाबतीत काटेकोर. मुलगा वाणिज्य शाखेचा पदवीधर, संगणकात रस घेणारा. मुलाने एक छोटा प्रोग्राम बसविला. रोज रात्री साडेनऊ वाजता, म्हणजे हिशेबाचे काम थांबल्यानंतर, पेढीची सर्व खाती दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवायची, एवढेच त्याचे काम. पहिल्या रात्री पितापुत्र दोघेही संगणकासमोर बसून राहिले. साडेनऊ वाजले, पडद्यावरील काळ्या खिडकीत चार ओळी उमटल्या, नक्कल तयार झाली. वडिलांनी समाधानाने मान हलविली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी संगणक सुरू झाला की ती काळी खिडकी आपोआप उघडे. दिवसभर ती पडद्याच्या कोपऱ्यात दिसे आणि पाहणाऱ्याला वाटे की काम चालू आहे. रात्री साडेआठला पेढी बंद करताना मुलगा शिस्तीने संगणकातून लॉगआउट करीत असे. संगणक चालूच राही, इन्व्हर्टरही होता. परंतु लॉगआउट होताच त्या वापरकर्त्याने उघडलेल्या साऱ्या खिडक्या मिटत आणि त्यांच्याबरोबर तो प्रोग्रामही संपे. साडेनऊची वाट पाहणारा पहारेकरी रोज साडेआठलाच घरी पाठविला जात होता. सकाळी तो पुन्हा हजर होई, म्हणून कोणाला शंका आली नाही.

बेचाळीस दिवसांनी वीज गेली, आली, पुन्हा गेली आणि त्या झटक्यात मुख्य डिस्क निकामी झाली. दुसरी डिस्क उघडून पाहिली तर तिच्यात एकच नक्कल होती, पहिल्या रात्रीची. कापसाच्या ऐन हंगामातील सहा आठवड्यांचा व्यवहार नाहीसा झाला होता.

त्याच आठवड्यात एक शेतकरी पेढीवर आला. त्याने कापूस घातला होता आणि काही रक्कम पेढीकडेच ठेवली होती. तो म्हणाला, “शेटजी, माझे अठरा हजार निघत असतील. पोरीच्या लग्नाला पाहिजेत.” मुलाने वडिलांकडे पाहिले. खाते नव्हते. शेतकऱ्याजवळ चिठ्ठी नव्हती. अठरा हजार मोजून दिले असते तर तो समाधानाने परत गेला असता. वडिलांना मात्र आठवत होते की रक्कम याहून अधिक असावी. किती, हे आठवत नव्हते.

या ठिकाणी प्रश्न संगणकाचा राहत नाही, व्रताचा होतो. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत एक आहे न्यासापहार. टीकाकारांनी त्याचा अर्थ असा केला आहे की ठेव ठेवणारा आपल्या रकमेचा आकडा विसरला आणि कमी मागू लागला, तर ‘हो, एवढीच होती’ असे म्हणून तेवढीच परत करणे. चोरी केली नाही, खोटा कागद केला नाही, केवळ समोरच्याच्या विस्मरणाला होकार दिला. तरीही तो दोष आहे. ज्या पेढीची वही नाहीशी झाली, तिच्या दारात हा अतिचार रोज येऊन उभा राहतो. शिवाय तो मालकाच्या इच्छेवर अवलंबून नसतो. आकडाच ठाऊक नसेल तर प्रामाणिक मनुष्यही प्रामाणिक कसा राहणार?

वडिलांनी शेतकऱ्याला बसायला सांगितले, चहा मागविला आणि काट्याच्या पावत्यांचा गठ्ठा काढला. तासाभराने त्याच्या नावाची स्थळप्रत सापडली. हमाली-तोलाई वजा जाता कापसाचे ६३,००० रुपये झाले होते. बँकेच्या खातेउताऱ्यात त्याला पाठविलेले ४०,००० रुपये दिसले. शिल्लक २३,००० होती. ती त्याला मिळाली. परंतु त्या बेचाळीस दिवसांत अशी किती खाती होती आणि त्यांपैकी किती जणांची पावती गठ्ठ्यात सापडणार होती, या विचाराने त्या रात्री वडिलांना झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला विचारले, “अरे, मी दिवा मालवून घरी गेलो म्हणून मुनीम कधी लेखणी खाली ठेवीत नसे. तुझा हा मुनीम खिडकी मिटली की पळून का जातो?”

प्रश्न साधा होता, पण संगणकशास्त्राच्या एका जुन्या प्रकरणाच्या गाभ्याला हात घालणारा होता. ज्या काळात एका मोठ्या संगणकाला दूरवरची अनेक टर्मिनले टेलिफोनच्या तारेने जोडलेली असत, त्या काळात तार तुटली किंवा फोन खाली ठेवला गेला की संगणक असे गृहीत धरी की काम सांगणारा निघून गेला. मग त्याने सुरू केलेल्या सर्व प्रोग्रामांना एक इशारा पाठविला जाई. फोन खाली ठेवला गेल्याचा हा इशारा इंग्रजीत ‘हँगअप’ म्हणून ओळखला जातो. तो मिळताच सामान्य प्रोग्राम आपले काम आवरून संपतो. ही व्यवस्था अन्यायाची नव्हती. मालक गेल्यावर नोकरांनी यंत्र विनाकारण अडवून ठेवू नये, हाच तिचा हेतू होता. फोनची तार आज उरली नाही, पण नियम राहिला. खिडकी मिटणे म्हणजे फोन खाली ठेवणे असेच बहुतेक प्रणाली अद्याप मानतात. विंडोजची घडण निराळी असली तरी लॉगआउटचा परिणाम तोच होतो.

या नियमाला अपवाद करण्यासाठी युनिक्स प्रणालीत ‘नोहप’ नावाची एक चिमुकली आज्ञा आहे. फोन ठेवल्याचा इशारा या प्रोग्रामाने ऐकू नये, एवढेच ती सांगते. बसायला जागा, बोलायला वही, ओळखीला क्रमांक यांतले काहीही ती देत नाही. फार तर पडद्यावर जे उमटले असते ते एका फाइलमध्ये लिहून ठेवते. एखाद्या रात्रीच्या कामाला ती पुरेशी आहे. वर्षानुवर्षे चालणाऱ्या कामाला मात्र अधिक शिस्तीचा सेवक लागतो. अशा सेवकाला संगणकाच्या परिभाषेत ‘डीमन’ म्हणतात.

या नावाचा इतिहास व्यापारी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या ‘प्रोजेक्ट मॅक’मध्ये फर्नांडो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखालील मंडळी आयबीएम ७०९४ या संगणकावर काम करीत होती. न सांगता, पार्श्वभूमीवर, अथक काम करणाऱ्या प्रोग्रामांना त्यांनी हे नाव दिले. स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६७ मध्ये एका काल्पनिक सूक्ष्म प्राण्याची कल्पना मांडली होती. तो एका छोट्या दारापाशी बसून वेगवान आणि मंद रेणू वेगळे करीत राहतो. ‘मॅक्सवेलचा डीमन’ म्हणून तो प्रसिद्ध झाला, आणि संगणकातील डीमनाचे नाव त्याच्यावरूनच आले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ दुष्ट पिशाच्च असा नाही. मनुष्याच्या पाठीशी न दिसता उभी राहणारी शक्ती, असा त्याचा भाव आहे. मंदिराच्या दाराशी क्षेत्रपाल असतो, दर्शनाला येणाऱ्याचे लक्ष त्याच्याकडे क्वचितच जाते, पण राखण त्याच्याकडे असते. उपमा एवढ्यापुरतीच घ्यावी.

कॉर्बातो यांनी पुढे सांगितले त्याप्रमाणे त्यांच्याकडील पहिला डीमन कोणते काम करीत असे? संगणकातील फाइलींच्या नकला आपोआप टेपवर उतरवून ठेवण्याचे. संग्रामपूरच्या त्या कल्पित पेढीला ज्या सेवकाची गरज होती, नेमका तोच सेवक जगातील या जातीच्या प्रोग्रामांत पहिला जन्मला होता. हिशेब हरवण्याची भीती पेढीइतकीच प्रयोगशाळेलाही होती.

साध्या प्रोग्रामाला डीमन बनविणारी लहान लहान साधने आज उपलब्ध आहेत. लिनक्सवर ‘डीमनाइज’ नावाचे असेच एक साधन आहे. आकाराने ते अगदी लहान आहे, पण ते जे करते ते क्रमाने पाहिले तर विश्वासू नोकर कसा नेमावा याचा जणू पाठच मिळतो.

प्रथम ते आपलीच एक प्रतिकृती निर्माण करते आणि मूळ प्रक्रिया निघून जाते. मागे राहिलेल्या प्रक्रियेचा जनक नाहीसा झाला की प्रणालीतील पहिल्या क्रमांकाची प्रक्रिया तिला दत्तक घेते. त्यामुळे तिचे आयुष्य कोणा एका खिडकीवर अवलंबून राहत नाही. त्यानंतर ती स्वतःचे स्वतंत्र सत्र सुरू करते, म्हणजे ज्या टर्मिनलावरून फोन ठेवल्याचा इशारा आला असता त्याच्याशी तिचा संबंधच उरत नाही. अनेक साधने यानंतर आणखी एकदा प्रतिकृती करतात, जेणेकरून हा संबंध पुढे चुकूनही जुळू नये.

पुढची पायरी बसण्याच्या जागेची. गडी दुसऱ्याच्या ओट्यावर बसून राहिला तर तो ओटा दुरुस्तीला घेता येत नाही. त्याचप्रमाणे एखादी प्रक्रिया काढता येण्याजोग्या डिस्कवरील फोल्डरात ठाण मांडून बसली तर ती डिस्क सुरक्षितपणे वेगळी करता येत नाही. म्हणून डीमनाला मूळ फोल्डरात नेऊन बसविले जाते. मग त्याचे ऐकण्याचे आणि बोलण्याचे जुने मार्ग बंद केले जातात. पडदाच नसल्यामुळे तो जे बोलेल ते ठरवून दिलेल्या फाइलमध्ये लिहिले जाईल, अशी सोय करावी लागते. केली नाही तर त्याचे शब्द शून्यात जातात. शेवटी त्याचा क्रमांक एका लहानशा फाइलमध्ये टिपला जातो, म्हणजे त्याला बोलावता किंवा थांबविता येते. आणि एक कुलूपफाइल ठेवता येते, म्हणजे त्याच कामावर चुकून दोन गडी नेमले जात नाहीत. एकाच वहीत दोन मुनीम एकाच वेळी लिहू लागले तर काय होईल, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

नेमून दिलेल्या वेळी काम करण्यासाठी युनिक्समध्ये ‘क्रॉन’ नावाचा डीमन आहे. मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार अशी पाच घरे भरली की तो त्या मुहूर्तावर काम करतो. गडी मध्येच आजारी पडला तर त्याला पुन्हा उभे करणारे पर्यवेक्षकही आहेत. ‘डीमनटूल्स’ हा त्यांतील जुना संच, तर २०१० पासून प्रचारात आलेली ‘सिस्टमडी’ ही आज बहुतेक लिनक्स संगणकांवरील व्यवस्था. तिच्या नावाच्या शेवटी असलेला ‘डी’ हे डीमनाचेच आद्याक्षर होय.

पेढ्यांवरील बहुतेक संगणक मात्र विंडोजचे असतात. तेथे डीमनाला ‘सर्व्हिस’ म्हणतात. कोणीही लॉगिन केलेले नसतानाही ती चालू राहते. साध्या प्रोग्रामाला सर्व्हिस बनविणारी लहान साधने विंडोजसाठीही आहेत. रोज एकदाच करावयाच्या कामाला तर ‘टास्क शेड्यूलर’ पुरतो आणि तो विंडोजबरोबर येतोच. परंतु त्यातील काही खुणा आपल्या भागातील विजेचा विचार करून लावाव्या लागतात. वापरकर्ता लॉगिन असो वा नसो, काम व्हावे, ही खूण मुद्दाम करावी लागते. संगणक विजेवर असेल तरच काम सुरू करावे, ही अट आरंभीच लागलेली असते. लॅपटॉप बॅटरीवर असताना नेमकी वेळ आली तर नक्कल होणारच नाही. चुकलेली वेळ शक्य तितक्या लवकर भरून काढावी, ही खूण उलट आरंभी लागलेली नसते. एका ठिकाणची खूण काढावी आणि दुसऱ्या ठिकाणची लावावी, एवढ्यावर पेढीची रात्र सुरक्षित होते. आणखी एक पथ्य असे की हिशेबाचा प्रोग्राम उघडा असताना त्याच्या फाइली नुसत्या उचलून नक्कल करू नये. अर्धवट लिहिलेल्या पानाची नक्कल अर्धवटच निघते. त्या प्रोग्रामाची स्वतःची बॅकअपची सोय वापरावी किंवा तो बंद झाल्यानंतर नक्कल घ्यावी.

हे काम केवळ गावच्या पेढीवर चालते असे नाही. देशाचा पैसा आज याच तत्त्वावर हलतो. व्यापारी ज्या ‘एनईएफटी’ने मालाचे पैसे पाठवितात, ती व्यवस्था रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००५ मध्ये सुरू केली. पूर्वी ती कामाच्या दिवशी ठरावीक तासांतच चाले. १६ डिसेंबर २०१९ पासून ती अहोरात्र सुरू झाली आणि दर अर्ध्या तासाला एक याप्रमाणे दिवसाच्या ४८ तुकड्यांत रकमांचा निपटारा होऊ लागला. पाठोपाठ १४ डिसेंबर २०२० पासून ‘आरटीजीएस’ही चोवीस तास चालू झाले. मध्यरात्री अडीच वाजता संग्रामपूरचा व्यापारी झोपलेला असतो, शाखेला कुलूप असते, तरी त्या तुकडीचे काम होते. प्रत्येक तुकडीमागे कोणीतरी कळ दाबून खिडकी उघडी ठेवून बसलेला असता, तर हे शक्य झाले नसते.

बँकांना ही सवय एका दिवसात लागली नाही. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांनी १९८४ आणि १९८९ मध्ये बँकांच्या संगणकीकरणाचे अहवाल दिले. त्याआधीच्या काळात सहामाहीला लेजरांची बेरीज जुळेपर्यंत कर्मचारी रात्र रात्र शाखेत बसत. आठ आण्यांचा फरकही शोधून काढल्याखेरीज घरी जाण्याची रीत नव्हती. संगणक आल्यावर दिवसअखेरीचे काम यंत्राकडे गेले, पण एक नियम सुटला नाही. दिवसअखेर पूर्ण झाल्याचा अहवाल पाहिल्याशिवाय दुसऱ्या दिवसाचे काम सुरू करायचे नाही. यंत्र काम करते. काम झाले की नाही हे पाहण्याची जबाबदारी मनुष्याची.

त्या कल्पित पेढीची खरी चूक येथेच होती. खिडकी मिटणे हे तांत्रिक कारण झाले. बेचाळीस दिवसांत एकदाही कोणी दुसरी डिस्क उघडून पाहिली नाही, हे मूळ कारण. जैन परिभाषेत याला प्रमाद म्हणतात. दिसणाऱ्या सेवकाकडून काम न झाले तर त्याच्या चेहऱ्यावरून तरी समजते. न दिसणारा सेवक मात्र मेला तरी गलका करीत नाही, आणि त्याची शांतता ही काम नीट चालल्याची खूण आहे असे आपण मानून बसतो.

काही जण म्हणतील की काम यंत्राने केले नाही, त्यात मालकाचा दोष कोणता? आगमपरंपरेने या पळवाटेला पूर्वीच कुलूप लावले आहे. संरंभ, समारंभ आणि आरंभ हे तीन. मन, वचन आणि काया हे तीन. कृत, कारित आणि अनुमत हे तीन. क्रोध, मान, माया आणि लोभ हे चार. यांचा गुणाकार १०८ होतो, आणि तितक्या मार्गांनी जीव कर्माला कारण होतो. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि होऊ दिलेले, ही तिन्ही खाती एकाच माणसाच्या नावे पडतात. पार्श्वभूमीवर चालणारा प्रोग्राम हा ‘कारित’ वर्गातला आहे. रात्री आपण झोपलेले असताना तो आपल्या नावाने काही करीत असतो, किंवा करीत नसतो. दोन्हींचे उत्तर आपल्यालाच द्यायचे असते.

याला दुसरी बाजूही आहे. फसविणारे प्रोग्राम याच पडद्यामागे लपून बसतात. फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारे विषाणूही न दिसता काम करतात आणि जोडलेली दुसरी डिस्क आढळली तर तिलाही कुलूप घालतात. म्हणून एक नक्कल अशी असावी की जी काम होताच संगणकापासून वेगळी काढली जाते आणि पेढीबाहेर, घरच्या कपाटात ठेवली जाते. आपल्या संगणकात कोणकोणत्या सर्व्हिस चालू आहेत याची यादी अधूनमधून जाणकाराकडून तपासून घ्यावी. पेढीवर राबणाऱ्या प्रत्येक गड्याचे नाव मालकाला ठाऊक असते. न दिसणाऱ्या गड्यांच्या बाबतीत हा नियम का सुटावा?

कायद्याचेही या बाबतीत सांगणे आहे. जीएसटीच्या नियमांत ५७ वा नियम इलेक्ट्रॉनिक नोंदींसंबंधी आहे. अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी वेळेत त्या पुन्हा उभ्या करता येतील, अशा रीतीने त्यांची योग्य नक्कल जपून ठेवावी, असा त्याचा आशय आहे. हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. डिस्क बिघडली, हे अधिकाऱ्यापुढे उत्तर होत नाही. शेतकऱ्यापुढे तर नाहीच.

मग उपाय कोणता? तो आपल्या नित्यकर्मातच आहे. रात्रीच्या दोषांचे प्रतिक्रमण सकाळी, दिवसाच्या दोषांचे सायंकाळी, मग पक्ष, चातुर्मास आणि संवत्सर, अशा पाच पायऱ्या परंपरेने घालून दिल्या आहेत. न दिसणाऱ्या मुनीमाच्या तपासणीलाही याच पायऱ्या लावता येतात. रोज सकाळी त्याने रात्री लिहिलेला अहवाल वाचावा आणि नकलेची तारीख व आकार पाहावा. पेढी बंद करण्यापूर्वी तो जागेवर आहे ना, याची खात्री करावी. पंधरा दिवसांतून एकदा नकलेतील एखादे खाते प्रत्यक्ष उघडून मूळ खात्याशी ताडून पाहावे. चार महिन्यांतून एकदा संपूर्ण नक्कल दुसऱ्याच संगणकावर उभी करून तेरीज जुळते का ते तपासावे, कारण जी नक्कल कधी उघडून पाहिली नाही ती नक्कल नव्हे, केवळ आशा होय. वर्षातून एकदा जुन्या डिस्का बदलाव्यात आणि कोणता सेवक कोणत्या कामावर आहे याची यादी नव्याने लिहावी. ती यादी घरातील किमान दोघांना ठाऊक असावी. मुलगा परगावी असला म्हणून पेढीची किल्ली हरवता कामा नये.

संग्रामपूरच्या त्या पेढीवर पुढे काय झाले असेल, याचीही कल्पना करता येते. हरवलेली खाती पावत्यांवरून आणि बँकेच्या उताऱ्यांवरून उभी करायला दोन महिने लागले असतील. ज्यांची पावती सापडली नाही अशा प्रत्येक शेतकऱ्याला वडिलांनी बोलावून घेतले असेल आणि जेथे शंका राहिली तेथे आकडा त्याच्या बाजूने धरला असेल. पेढीला त्यात खोट आली असेल, पण गावात एक शब्दही वावगा उठला नसेल. मुलाने प्रोग्राम नव्याने बसविला असेल. आता काळी खिडकी कुठेच दिसत नाही. लॉगआउट झाले, वीज गेली आणि आली, तरी साडेनऊला काम होते आणि फाइलमध्ये तारीख-वेळेसह एक ओळ लिहिली जाते.

वडिलांना संगणक फारसा येत नाही. त्यांनी लाल बांधणीची एक लहानशी वही मात्र घेतली आहे. सकाळी सामायिक आटोपून पेढीवर आले की मुलगा ती ओळ वाचून दाखवितो आणि वडील वहीत तारीख, नकलेची वेळ आणि आकार लिहून खाली सही करतात. यासाठी दोन मिनिटे लागतात. एखाद्या दिवशी ओळ आढळली नाही तर त्या दिवशीचा पहिला सौदा थांबतो, आधी कारण शोधले जाते.

दिवाळीला वहीपूजनाच्या पाटावर नव्या चोपडीशेजारी ती लाल वही आणि घरच्या कपाटातील डिस्क, दोन्ही ठेवल्या गेल्या. वडिलांनी तिन्हींवर कुंकवाचे बोट टेकविले. मग लाल वही उघडून त्यांनी आदल्या रात्रीची नोंद पुन्हा एकदा तपासली, आणि त्यानंतरच नव्या चोपडीच्या पहिल्या पानावर ‘शुभ लाभ’ लिहिले.